पाचगावच्या बाजूला फ्लॅट: वर्षभराचा अनुभव (गीझरसकट)

परवा गीझरची कॉइल पुन्हा जळाली, म्हणून लिहायला बसलोय. कोल्हापुरातली शिवाजी पेठ सोडून शहराला लागून पाचगावच्या बाजूला टू बीएचके घेतल्याला वर्ष होत आलं. रेट, कार्पेट, कर्जाचा हप्ता यावर सगळेच बोलतात. पाण्यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जास्त करून तेवढंच बोलणार.

आमच्याकडं प्यायला नळ आणि वापरायला बोअर. फ्लॅट दाखवताना बिल्डरच्या माणसानं शॉवर सोडला, "बघा दाजी, प्रेशर!" प्रेशर आहेच, नाही म्हणणार नाही. पाण्यात काय आहे ते गीझरनं सांगितलं. मिस्त्रीनं टाकी उघडली तर कॉइलवर बोटभर पांढरा थर. पान्यानं टोकरला तसे चुन्याचे खपले फरशीवर पडले. बोअरचं जड पाणी तापलं की त्यातला क्षार कॉइलवर बसतो, मग उष्णता पाण्यात उतरत नाही आणि कॉइल आतल्या आत भाजून जाते. तोवर महिनोनमहिने बिल जास्त आणि पाणी कोमट. वर कंपनी म्हणते, क्षार वॉरंटीत बसत नाही. फोनवर भरपूर वाजवलं, उपयोग शून्य, पैसे रोख मोजले. आता टेम्परेचर ५० वर ठेवलंय, त्यानं थर कमी धरतो. शिवाय टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. ती वेळेत बदलायची असते हे विकणाऱ्यानं सांगितलं असतं तर त्याचं काय गेलं असतं?

तूरडाळीचंही तेच. बोअरच्या पाण्यात कितीही शिट्ट्या घ्या, डाळ कचकचीत. म्हणजे डाळीला पण नळाचंच पाणी, आणि नळाचं पाणी मोजून.

बाकीचं थोडक्यात. गाडी लावायला जागा आहे. पेठेत दारात मोटरसायकल लावली तरी शेजाऱ्याची कुरबुर. घरफाळा ग्रामपंचायतीचा. महापालिका झाली १९७२ ला, हद्दवाढीचं घोडं तेव्हापासून अडलेलं. २०१७ ला शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण आलं, त्यामुळं कुठल्या कागदाला कुठल्या दारात जायचं हे घेण्याआधीच विचारून घ्या. गंगावेशीत म्हैस समोर पिळून दिलेलं दूध इथं नाही. आप्पांना तालीम, रंकाळा आणि शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल सोडवत नाही. सकाळी केएमटीच्या बसनं पेठेत जातात, जेवायला परत. राहायला आलेत असं मी म्हणतो, ते म्हणतात "झोपायला येतो".

इथवर वाचून वाटेल, पेठच बरी. जुलैपर्यंत माझंही तेच मत होतं. मेव्हणे शाहूपुरीत कुंभार गल्लीत. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे त्यांच्याकडं पोरांनाही पाठ. पातळी चढायला लागली तसं टीव्ही, मिक्सर, गाद्या माळ्यावर टाकून सगळे आमच्याकडं आले. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांवर गेली तेव्हा उपसा केंद्रंच बुडाली होती, गावाभोवती पाणीच पाणी आणि नळ कोरडे. पेठेतल्या आमच्या घराला पूर लागला नव्हता, पण आम्हीही घागरी घेऊन टँकरमागं पळालो होतो. इथं उंचावर पूर येत नाही, आणि बोअर कुणाच्या उपशावर अवलंबून नाही. मेव्हणीनं त्याच जड पाण्यात सगळ्यांची धुणी धुतली. साबणाला फेस येत नाही म्हणून कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली. तेव्हा बोअरला दिलेल्या शिव्या निम्म्या मागं घेतो. गीझर कंपनीच्या तशाच राहू द्यात.

सोसायटीच्या बैठकीत पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवायचा विषय निघाला. कोटेशन बघून निम्मे गप्प झाले. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही चुलीवर पाणी तापवू. माझं म्हणणं, पेठेतल्या दोन खोल्या भाड्यानं द्याव्यात, आपल्या वाट्याची वर्गणी त्यातून निघेल. आप्पा म्हणतात, खोल्यांची किल्ली माझ्याकडं आहे. बोलणी चालू आहेत.