नवाहो वाळवंटाची जुनी टोपोशीट: यूएसजीएसची 'टोपोव्ह्यू' सेवा

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटामध्ये पसरलेल्या, नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशाची जुनी टोपोशीट (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारे नकाशे) हवी असतील, तर सुरुवात यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या, टोपोव्ह्यू या संकेतस्थळापासूनच करावी. सेवा पूर्ण मोफत, लॉगिनही लागत नाही. १८८४ पासून २००६ पर्यंतची शीट इथे स्कॅन करून ठेवली आहेत. चिनली किंवा कायेंटा असं इथलं गाव शोधून नकाशावर टिचकी मारली, की त्या जागेची सगळी शीट सालानुसार समोर येतात.

प्रमाण आधी बघा. १८८० च्या दशकातली शीट १:२,५०,००० ची; एका सेंटिमीटरमध्ये अडीच किलोमीटर. कॅन्यन डी शे या दरीच्या कड्यांचा अंदाज त्यावरून येतो, वाट सापडत नाही. १:६२,५०० ची शीट बरी, पण खरं काम १:२४,००० वरच होतं.

या मुलखात सगळ्यात मोलाच्या खुणा पाण्याच्या: झरे, पवनचक्क्या, टाक्या. त्यांचा भरवसा शीटच्या सालावर. शीर्षकातलं साल, सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं असू शकतं, म्हणून खालच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचाच. जांभळ्या रंगातली भर हवाई छायाचित्रांवरून केलेली असते, जागेवर तपासलेली नसते. शिवाय पवनचक्कीची खूण पाणी पिण्याजोगं असल्याची हमी देत नाही. १९४४ ते १९८६ दरम्यान इथे युरेनियम काढलं गेलं, पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडल्या गेल्या आणि काही विहिरींत युरेनियम, आर्सेनिक सापडलं आहे. म्हणून एकाच जागेची दोन-तीन सालांची शीट उतरवा आणि ताज्या उपग्रह चित्राशी ताडून बघा.

डाउनलोड करताना जिओटिफ घ्या; या प्रकारच्या फाइलमध्ये नकाशाचं पृथ्वीवरचं स्थान नोंदलेलं असतं. जेपीईजीत स्थाननिर्देश नसतो. शेजारची शीट जोडताना पांढरा समास पुढच्या शीटवर चढतो, तो क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्लिप रास्टर बाय मास्क लेयर'ने कापावा. कडेला समोच्च रेषा जुळल्या नाहीत, तर दोन्ही शीटची सालं आणि रेषांमधलं अंतर बघा.

लोक सर्वाधिक फसतात ते डेटममध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले जातात त्यात. बहुतेक जुनी शीट एनएडी २७ या डेटमवर आहेत. त्यावरचे यूटीएम आकडे (मीटरच्या चौकटीतलं स्थान) डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या डेटमवर ठेवलेल्या जीपीएसमध्ये टाकले, तर सुमारे २०० मीटरची चूक होते. दरीच्या तोंडाशी ती जिवावर बेतू शकते. जीपीएसमधला डेटम आधी बदलून शीटचा ठेवा. आणि शीटवर वाट दिसली म्हणजे जायची मुभा आहे असं नाही: आडवाटेने फिरायला नवाहो नेशनचा, म्हणजे नवाहो लोकांच्या स्वतःच्या शासनाचा, परवाना लागतो.