क्वांटममध्ये शिकवायला जावं की विकायला?

आयसरच्या आवारात क्वांटम तंत्रज्ञानासाठीचं आय-हब, पाषाणमध्येच सरकारी संगणक संशोधन संस्था सी-डॅक, वर राष्ट्रीय क्वांटम मिशनचे २०३१ पर्यंतचे ६,००३ कोटी. त्यामुळे क्वांटममध्ये शिरावं का, असं पुण्यात हल्ली कुणी विचारत नाही. अडतं ते ट्रेनिंग देण्याचं काम घ्यावं की बिझनेस डेव्हलपमेंटचं, म्हणजे विक्रीचं, इथे. मी दोन्ही केलंय.

शिकवण्यात मजा आहे, ते आधीच सांगतो. दोन क्युबिट्सवर (क्वांटम बिट्सवर) आधी हॅडामार्ड गेट, मग सीनॉट गेट लावायचं, आणि सिम्युलेटरवर तेच हजार वेळा चालवून फक्त ०० आणि ११ आले, म्हणजे दोन्ही क्युबिट्स कायम जुळलेले दिसले, की मागच्या बाकावरची मोबाइलवाली मंडळीही मान वर करतात. कटकट आहेच. २०२४ मध्ये किस्किट १.० (क्वांटम प्रोग्रॅमिंगचं आयबीएमचं सॉफ्टवेअर) आलं, त्यात 'एक्झिक्यूट' फंक्शनच काढून टाकलं आणि जुन्या नोटबुक्स रद्दीत गेल्या. पण ते बसून दुरुस्त करता येतं.

खरी अडचण शेवटच्या दिवशी. सर्टिफिकिटं वाटून होतात, फोटो होतो, आणि कुणीतरी हळूच विचारतं, "सर, प्लेसमेंटचं काय?" काय सांगणार? हार्डवेअरला बहुतेक ठिकाणी पीएचडी मागतात, अल्गोरिदमच्या जागा मोजक्या. पोरानं फी घरून मागून आणलेली असते. कॉलेजला मात्र पुढच्या बॅचची तारीख हवी असते. हा प्रश्न दर बॅचला यायचा आणि दर बॅचला मी विषय बदलायचो. शेवटी तेच नको झालं.

विक्रीत सगळे हरिश्चंद्र आहेत असं नाही. 'शंभरपट वेगवान'वाल्या स्लाइड्स मीही दाखवल्यात. पीओसी (चाचणी प्रकल्प) संपते, पीओ (खरेदीची ऑर्डर) येत नाही. पण समोरचा पगारदार असतो, त्याला हिशेब कळतो, तो सरळ नाही म्हणू शकतो. शिवाय क्वांटम-सेफ क्रिप्टोग्राफी, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडता येऊ नये असं एन्क्रिप्शन, विकताना थापा माराव्या लागत नाहीत. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची त्यासाठीची पहिली तीन मानकं ऑगस्ट २०२४ मध्येच आली. आज चोरून ठेवलेला डेटा उद्या क्वांटम कॉम्प्युटरनं उघडेल, ही भीती बँकवाल्यांना नवी नाही. फक्त विचारायचं, "साहेब, तुमच्याकडे आरएसए कुठेकुठे वापरलंय, त्याची यादी आहे?" आरएसए म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर फोडू शकेल असं आजचं सर्रास एन्क्रिप्शन. यादी बहुतेकदा नसते. काम तिथूनच सुरू होतं.

पुढे पीएचडी करायची असेल तर शिकवणं कदाचित बरं, विषय हातात राहतो. बाकीच्यांनी माझ्या मते विक्रीकडे वळावं, तेही कॉम्प्युटर नव्हे, सिक्युरिटी विकायला. ऑफर लेटरवर सही करण्याआधी एवढंच विचारा: इन्सेंटिव्ह पीओ आल्यावर मिळणार की पैसे जमा झाल्यावर? सरकारी ग्राहक असेल तर या दोन्हींत एखादं आर्थिक वर्ष सहज जातं.