जावयाचं मूळ गाव शोधलं त्याचा रिव्ह्यू (चर्चची रजिस्टरं, जुनी मृत्युपत्रं आणि फुकटच्या साइटी)

आधी मार्क देऊन टाकते, बरेच जण तेवढंच बघतात. ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या मृत्युपत्रांना पाचपैकी पाच. फॅमिलीसर्चला पाच. फ्रीरेगला चार (या दोन्ही जुन्या नोंदी शोधायच्या फुकट साइटी). आणि लेकीने वर्षाचे पैसे भरून घेतलेल्या एका साइटला दीड, तिचं नाव लिहीत नाही, ऑटो रिन्यूअलची टिक काढायची राहिली ही अर्धी चूक आमचीच.

आता हे कोण सांगतंय ते. मी ३१ वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात कारकुनी केलेली बाई. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, मृत्युपत्र बघण्यात डोळे गेले. रिटायर झाल्यावर लेकीकडे इंग्लंडला सहा महिने राहायला गेले, बाहेर सतत भुरभुर पाऊस, ही दोघं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली, मी करू काय? जावई इंग्रज आहे, गुणी आहे, पोळ्या माझ्यापेक्षा गोल लाटतो. एकदा सहज विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं हो, तर म्हणाला आजोबांचे वडील नॉरफोक परगण्यातून आले एवढंच ऐकलंय. संपलं. कुलदैवत नाही, गोत्र नाही, त्र्यंबकला कुणा उपाध्यायाच्या वहीत नाव असायचा प्रश्नच नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगते.

सुरुवात सोपी असते. तिकडे १ जुलै १८३७ पासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि १८४१ पासूनच्या जनगणनेत घरोघरची नावं मिळतात, त्यामुळे तिथवर दोन-तीन दुपारीत पोचलो. त्याच्या मागे जायचं म्हणजे चर्च. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची, दर रविवारी लिहायची आणि दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावातल्या पंचांकडे. हे वाचून मला आमच्या ट्रेझरीची डबल लॉक सिस्टिम आठवली, म्हटलं चला, माणसं आपल्याच खात्यातली आहेत.

बऱ्याच गावांची वही १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होते आणि पहिली चाळीस वर्षं एकाच हस्ताक्षरात असते. जावई म्हणाला काय दीर्घायुषी कारकून असेल! अहो कसला दीर्घायुषी, १५९८ च्या सुमारास वरून ऑर्डर आली की कागदी वह्या टिकत नाहीत, सगळं चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हापासूनचं तरी. मग कुणीतरी बिचारा बसला आणि एका दमात नक्कल मारली. शाई बदलत नाही, अक्षर थकत जातं, ओळी शेवटी शेवटी तिरक्या होतात. हे मला कुणी शिकवायला नको, मार्च एंडला मी हेच केलंय. तेव्हापासून दरवर्षीची एक प्रत बिशपकडेपण पाठवायची असा नियम झाला, त्यामुळे गावची वही जळाली किंवा उंदरांनी खाल्ली तरी बिशपची प्रत कधीकधी सापडते. दोन्ही असतील तर दोन्ही बघा, एकात आईचं नाव असतं दुसऱ्यात नसतं असंपण होतं.

फॅमिलीसर्च हे अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या चर्चने चालवलेलं आहे, १९३८ पासून हे लोक जगभर फिरून रजिस्टरांचे मायक्रोफिल्म काढतायत, चोवीस लाखांच्या आसपास रिळं झाली आणि ती सगळी २०२१ पर्यंत स्कॅनपण करून टाकली. खातं उघडायचं, पैसे नाहीत. नॉरफोकच्या पुष्कळ गावांची पानंच्या पानं तिथे बघायला मिळतात. काही फोटोंसमोरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर छोटी किल्ली दिसेल, म्हणजे ते घरी उघडत नाही, त्यांच्या सेंटरला नाहीतर जोडलेल्या लायब्ररीत जाऊन बघायचं, मूळ कागद ज्याचे त्याच्याशी झालेल्या करारावर ते असतं. फ्रीरेग हे व्हॉलंटिअर लोकांनी नोंदी वाचून टाइप केलेलं आहे, फुकट, शोधायला फास्ट, पण फोटो नाही म्हणून एक मार्क कापला.

आणि इथेच माझं मुख्य म्हणणं आहे. इंडेक्स म्हणजे इंडेक्स. आपल्याकडे घर घेताना कुणी नुसती सूची दोन बघून पैसे देतं का? मूळ दस्त काढतो ना? तसंच हे. लेकीने त्या पैसेवाल्या साइटवरून फटाफट क्लिक करून झाड, म्हणजे वंशवृक्ष, बनवलं, त्यात जावयाच्या घराण्यातल्या एका लोहाराचं लग्न नोव्हेंबर १७१४ आणि पहिल्या पोराचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७१४. म्हणजे लग्नाच्या नऊ महिने आधी पोर! जावयाला काही वाटलं नाही, पण मलाच कसंतरी झालं. मग मूळ पान उघडलं, तर वहीत आधी नोव्हेंबर, मग डिसेंबर, मग जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या शेवटी वर्ष बदलतंय. म्हटलं अगं बाई, यांचा पाडवा मार्चमध्ये! खरंच तसं होतं, १७५१ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, १७५२ पासून ते १ जानेवारीवर आलं. म्हणजे ती फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १७१५ ची, लग्नानंतरची. पोर तरी तीन महिन्यातच झालं म्हणा, पण लग्नानंतर. त्या साइटने महिन्यांचा क्रम न बघता नुसता आकडा उचललेला. काही पाद्री शहाणे होते, १७१४/१५ असं दोन्ही लिहून ठेवायचे, आमचा तसा नव्हता.

आडनावाचं तर विचारू नका, एकाच वहीत पाच प्रकारे लिहिलंय, कारण लोहार तोंडाने सांगणार आणि पाद्री कानाने लिहिणार. त्यात नॉरफोकचे उच्चार म्हणजे एक प्रकरणच आहे, वायमंडहॅम असं लिहितात त्या गावाला लोक विंडम म्हणतात, मी स्टेशनवर दोनदा चुकीचं बोलले, तिसऱ्यांदा बोर्डाकडे बोट दाखवलं.

जुन्या नोंदी कोरड्या असतात, १८१३ नंतर छापील फॉर्म आला तेव्हा कुठे बापाचा धंदा आणि पत्ता नियमाने मिळतो. पण मधेच काहीतरी सापडतं. १६८० च्या आसपासच्या दफनाच्या नोंदींसमोर बारीक अक्षरात अ‍ॅफिडेव्हिट, अ‍ॅफिडेव्हिट असं लिहिलेलं, मला वाटलं मेलेल्या माणसाचं कसलं अ‍ॅफिडेव्हिट! तर तेव्हा कायदा होता की प्रेत लोकरीच्याच कापडात पुरायचं, लोकरीचा धंदा चालावा म्हणून, आणि तसं केलं याचं शपथपत्र घरच्यांनी द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. लिनन वापरलं तर मेल्यावरपण चलन फाडत होते. आणि १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर नवरा-नवरीच्या सह्या घेतात, तिथे आमच्या एका नवरीने नुसती फुली मारलीय. थरथरलेली फुली, एक पाय लांब. आपल्याकडे कुणब्याच्या कागदावर निशाणी नांगर असायची, नंतर डावा अंगठा आला, हिची फुली. त्या पानावर मी बराच वेळ थांबले.

आता मृत्युपत्रं, माझा प्रांत. १२ जानेवारी १८५८ च्या आधी मृत्युपत्र सरकारी कोर्टात नाही, चर्चच्या कोर्टात सिद्ध व्हायचं, आणि कोर्टांची उतरंड होती, खाली आर्चडीकन, वर बिशप, सगळ्यात वर आर्चबिशप. छोट्या माणसाचं खालीच संपायचं. ज्याची मालमत्ता एकापेक्षा जास्त बिशपांच्या हद्दीत आहे, किंवा जो समुद्रावर नाहीतर परदेशात मेलाय, त्याचं कँटरबरीच्या आर्चबिशपाच्या कोर्टात. या वरच्या कोर्टाची १३८४ पासून १८५८ पर्यंतची दहा लाखांवर मृत्युपत्रं नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर आहेत, खातं उघडलं की डाउनलोड फुकट. ज्यांचं कुणी कंपनी सरकारच्या नोकरीत मुंबई-पुण्याकडे येऊन गेलं, त्यांनीपण इथे नाव टाकून बघावं. एक लक्षात ठेवा, ही कोर्टाच्या कारकुनाने रजिस्टरात उतरवलेली नक्कल आहे, खालची सही मेलेल्या माणसाची नाही. जावई त्या सहीला हात लावून भावुक झाला होता, मला सांगावं लागलं की अरे ही त्याची नाही.

लोहारबुवा तिथे सापडले नाहीत, सापडला त्यांचा धाकटा भाऊ, आरमारात खलाशी होता, समुद्रावर गेला म्हणून वरच्या कोर्टात. त्याने थकलेला पगार ठेवलाय ‘कझिन’ला. दोन दिवस आम्ही चुलतभाऊ शोधतोय, मिळेना. नंतर कळलं की त्या काळी पुतण्या-भाच्यालापण कझिनच म्हणायचे, आणि ‘सन-इन-लॉ’ लिहिलं असेल तर तो जावई असेल किंवा सावत्र मुलगा! आपल्यात पुतण्या म्हटलं की पुतण्या, मामेभाऊ म्हटलं की मामेभाऊ, एका शब्दात मिटलं असतं. कझिन म्हणजे लोहाराचाच मुलगा निघाला.

लोहाराचं स्वतःचं मृत्युपत्र खालच्या कोर्टातलं, ते नॉर्विचच्या रेकॉर्ड ऑफिसात. तिथे जायचं असेल तर पेन नेऊ नका, फक्त पेन्सिल चालते, बॅग लॉकरमध्ये, कागद फोमच्या उशीवर ठेवून देतात आणि पान दाबायला मण्यांच्या माळेसारखी वजनं. आमच्या रेकॉर्ड रूममधली सुतळी आणि कबुतरं आठवून मला लाज वाटली. १७५१ चा कागद, अक्षर सुवाच्य. त्याच्या आजोबांच्या काळातलं सेक्रेटरी हँड नावाचं वळण असतं ते मात्र महाभयंकर, ई उलटा, एच खाली शेपूट सोडतो, वीस शिलिंग हे रोमन आकड्यात. नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर ते वाचायचा फुकट कोर्स आहे, तो आधी करा, मी तीन आठवडे केला तेव्हा ओळीतले निम्मे शब्द लागायला लागले.

तर मृत्युपत्रात सुरुवातीला ‘देवाच्या नावाने आमेन, शरीराने क्षीण पण बुद्धीने शाबूत’, अगदी आपलं ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’. बायकोला घर आणि जिच्यावर तो झोपलाय ती गादी-पलंग, पण ती विधवा राहील तोवरच. धाकट्या मुलाला ऐरण, भाता आणि सगळी हत्यारं. दोन मुलींना पाच-पाच पौंड. आणि थोरल्या मुलाला, ज्याच्यापासून जावयाचं घराणं आलंय, एक शिलिंग.

जावयाचं तोंड उतरलं. गुगलवर बघून म्हणाला, आई, एक शिलिंग म्हणजे घराबाहेर काढलं. मी म्हटलं थांब जरा. असे कागद मी शेकड्याने हाताळलेत. थोरल्याला आयुष्यातच काहीतरी देऊन मोकळं केलेलं असतं, जमीन नाहीतर लग्नात पैसे, आणि नंतर त्याने भांडू नये म्हणून नाव घालून नाममात्र रक्कम लिहितात, की हा विसरलेला नाही, याचा हिस्सा झालाय. पुरावा? त्याच थोरल्याचं नाव शेजारच्या गावच्या वहीत, बापाच्या मरणाआधी सहा वर्षं, लोहार म्हणूनच. म्हणजे बापानेच त्याला वेगळी भट्टी घालून दिली असणार. शंभर टक्के नाही सांगू शकत, पण बेदखल केलेल्या मुलाला कुणी मृत्युपत्राचा एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा, करत नाही, आणि खालच्या ओळीत एक्झिक्युटर तोच आहे. ती ओळ लेकीच्या झाडातपण नव्हती, इंडेक्समध्येपण नव्हती.

मे महिन्यात गाडी काढून त्या गावाला गेलो. लोहाराची जागा दाखवणारं काही नाही, शेत आहे. चर्च उघडं होतं, आत कुणी नाही, दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, ते मात्र लोहाराच्या कितीतरी आधीचं. जावई म्हणाला, म्हणजे सगळे यातच? म्हटलं हो, तो तीन महिन्यांवालापण. सवयीने मी नारळ कुठे मिळेल बघत होते, शेवटी दानपेटीत दोन पौंड टाकले.

आता तो माझ्या मागे लागलाय, आई तुमच्या घराण्याचं करू. करायला हरकत नाही. पण आमच्या घरातला सगळ्यात जुना कागद सासूबाईंच्या ट्रंकेत आहे, आजेसासऱ्यांच्या वडिलांचं खरेदीखत, अख्खं मोडीत. ३१ वर्षं त्या ऑफिसात काढली, मोडी वाचणारे रोज समोर बसायचे, आणि मला त्यातलं एक अक्षर येत नाही.