चाव्यांसाठी जा, लाकडाला हात लावू देऊ नका

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करणारं छोटं दुकान आहे. कारागिराचा हात बसलाय तो एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, क्लॅरिनेटवर. त्याच्याकडे दिलेलं क्लॅरिनेट मात्र १७८०च्या सुमाराच्या धर्तीवर घडवलेलं, पाच चाव्यांचं (भोकं उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांचं), बॉक्सवूड नावाच्या लाकडाचं.

या घडणीत चाव्यांना धातूचे खांब नसतात. लाकूड कातताना जागोजाग फुगीर कडं ठेवतात, त्यात खाच पाडून पितळी चावी बसवतात आणि आरपार पिन घालतात. चावीच्या टोकाला चौकोनी सपाट पत्रा, त्याखाली चिकटवलेलं पातळ मऊ कातडं. वाटीसारखी चावी आणि फुगीर पॅड (गादी) ही पुढची गोष्ट, क्लॅरिनेटवादक इवान म्युलरच्या तेरा चाव्यांच्या वाद्यातली. कारागिराने सवयीने तोच जाड पॅड लावला. झालं! पॅडची मागची कड आधी टेकली, पुढची उघडीच राहिली. अंगठ्याजवळच्या, स्वर वर नेणाऱ्या रजिस्टर चावीतून अशी हवा गळली की खालचे स्वर धड लागत नाहीत, मध्येच मूळ स्वरापासून बाराव्या स्वरावर उडी मारतात. दाखवून दिल्यावर त्याने पातळ कातडं लावलं, जादा पैसे न घेता. सिगारेटच्या कागदाची पट्टी प्रत्येक चावीखाली चारही बाजूंनी ओढून पाहिली. सगळीकडे सारखी अडकली.

स्प्रिंगचं काम अव्वल. चावीच्या पोटाला रिव्हेटने ठोकलेली ही पितळी पट्टी थंडच ठोकून कडक करायची असते. गॅसची ज्योत लागली की ती मऊ पडते, आणि पोलादासारखं तिला पाणी देता येत नाही. त्याला हे सांगावं लागलं नाही.

लाकडाच्या बाबतीत मात्र सावध. बॉक्सवूड दमट हवेत चांगलंच फुगतं. जुलैत वाद्याचे तुकडे जोडणारा सांधा घट्ट झाला म्हणून स्वारीने थेट पॉलिश पेपर उचलला. तेव्हा घासलेला सांधा हिवाळ्यात डुगडुगणार आणि तिथून हवा जाणार. सांध्यावरच्या मेणदोऱ्याचे दोन-तीन वेढे काढले की भागतं. कोरड्या हवेत ते परत चढवायचे. आत बदामतेलाचा हलका हात चालतो, पण कातड्याला थेंबही नको, ते कडक होतं.

पावतीवर ‘लाकूड घासू नये, सांध्याला कॉर्क लावू नये’ असं लिहून घ्या आणि मेणदोरा आपला न्या. दुकानात मिळतो तो नायलॉनचा, निसटतो.