ओट-वाटाण्याची तयार गोणी: वाटाणा जातो कुठे?

ओट आणि वाटाणा एकत्र पेरून वैरण घेण्यात खोट काही नाही. ओटाच्या ताटांवर वाटाण्याचा वेल चढतो आणि वैरणीतली प्रथिनं वाढतात. खोट असते ती ‘तयार मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोणीत. ती कळायला दीड-दोन महिने जातात, कारण रान तोवर हिरवंगार दिसत असतं.

गोणीवर छापलेलं असतं ‘ओट 70, वाटाणा 30’. हे टक्के वजनाचे, दाण्यांचे नव्हेत. ओटाचे हजार दाणे साधारण 35 ग्रॅम भरतात, टपोऱ्या वाटाण्याचे 200 ग्रॅम. म्हणजे 100 किलोत ओटाचे 20 लाख दाणे आणि वाटाण्याचे दीड लाख, तेरा ओटांमागे एक वाटाणा. इथवर कुणी खोटं बोललेलं नाही. चलाखी पुढे आहे. जुना, भुंगा लागलेला, मळणीत फुटलेला वाटाणा सुटा विकायला गेलं तर कुणी घेणार नाही, तो या मिश्रणात खपतो. उगवण 40 टक्क्यांवर घसरली की जिवंत दाणे उरतात 60 हजार, तेहतीस ओटांमागे एक. तोही ओटाच्या सावलीत पिवळा पडतो.

तक्रार केली की उत्तरं ठरलेली: खोल पडलं असेल, पाणी साचलं असेल. वर सल्ला, ‘थोडा युरिया टाका’. युरियाने ओट काळाभोर होतो, वाटाण्याच्या मुळांवर मात्र हवेतलं नत्र धरणाऱ्या जीवाणूंच्या गाठी कमी धरतात आणि उरलासुरला वेलही दबतो. पुरावा आपणच गाडायचा, असा हा सल्ला.

गोणीच्या तोंडाशी दिसणाऱ्या बियांवर जाऊ नका. हादऱ्यांनी गोल आणि लांबट दाणे वेगळे होतात, शिवाय वरचा थर मुद्दाम चांगला ठेवणं सोपं असतं. वरून, मधून आणि तळातून मिळून अर्धा किलो काढा. कापडावर पसरून ओट, वाटाणा आणि काडीकचरा असे तीन ढीग करा, प्रत्येकाचं वजन करा. डाळ झालेले तुकडे कचऱ्यात मोजा, ते उगवत नाहीत. मग वाटाण्याचे 100 दाणे घ्या, हाताला येतील तसे. चांगले निवडून घेतले तर पेपर तुम्हीच फोडला. ओल्या कापडावर 25-25 च्या चार ओळी मांडा, गुंडाळी करा आणि आठ दिवस ओल टिकवा. मग मोड आलेले दाणे मोजा, तेवढे टक्के उगवण. मेलेला दाणा फुगतो, पण मोड न येता बोटाखाली बुळबुळीत होतो आणि त्याला घाण वास येतो. गोल भोक असलेले दाणे भुंग्याचे.

ओटाच्या ढिगातही एक गोष्ट शोधा: बुडाशी केसाळ, काळपट दाणा आणि त्यावर गुडघ्यासारखं वाकलेलं, पीळ पडलेलं कुसळ. तो रानटी ओट. त्याचे दाणे पिकाआधीच गळतात आणि पुढची कित्येक वर्षं उगवत राहतात.

‘जीवाणू लावलेलं’ म्हणून रंगीत बी दिलं जातं. रंग म्हणजे जीवाणू नव्हे. पाकीट वेगळं दिलं असेल तर पीक आणि मुदत वाचा. सोयाबीनचं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जीवाणू, वाटाण्याला चालत नाही. पाच आठवड्यांनी रोप मातीसकट खणा, मुळं धुवा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

तयार मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) घेणाऱ्यांना वेगळी टोपी घालतात. प्रयोगशाळा नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणते आणि तो आकडा ‘कच्ची प्रथिनं’ म्हणून देते. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे 100 किलो कोरड्या चाऱ्यामागे एक किलो युरिया मिसळला की आकडा जवळजवळ 2.9 ने चढतो, वाटाणा नसतानाही. अहवालात युरिया वेगळा तपासून मागा. जनावराला तो बेहिशेबी गेला तर विषबाधा होते.

त्यापेक्षा दोन्ही बी सुटं घ्या आणि घरी मिसळा: हेक्टरी ओट 50 किलो, वाटाणा 100 किलो. तरीही गोणीच घेतलीत, तर पेरणीआधी अर्धा किलो नमुना विक्रेत्यासमोर बांधून त्यावर दोघांच्या सह्या घ्या, आणि लेबल फाडून टाकू नका, लॉट क्रमांक त्यावरच असतो.