आयजीबीसी गोल्डवाल्या ‘ग्रीन’ फ्लॅटचा रिव्ह्यू, प्रत्यक्ष राहून

पुण्यात बालेवाडीच्या बाजूला एका बऱ्यापैकी मोठ्या प्रोजेक्टमध्ये आम्ही राहतो, २२ मजले, मजल्यावर ४ फ्लॅट, आणि ब्रोशरच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात आयजीबीसी गोल्ड, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं पर्यावरणपूरक इमारतीचं रेटिंग. बिल्डरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आजूबाजूच्या प्रोजेक्टमध्ये ओळखीच्यांकडे जाऊन बघितलं तर थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. ऑफिसमध्ये सारखं कोणीतरी विचारतं की ग्रीन आहे म्हणून स्क्वेअर फुटाला जास्त द्यावेत का, तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं मत आधीच सांगतो, सर्टिफिकेटसाठी वेगळे पैसे देऊ नका, भिंत, खिडकी आणि दिशा बघून द्या.

पहिला मुद्दा उकाड्याचा, कारण रोजचा त्रास तोच आहे. आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर, हॉल आणि मास्टर बेडरूम पश्चिमेला. भिंती मायवानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबरच भिंतही काँक्रीटमध्ये ओतायची, वीट नाही की ब्लॉक नाही. बिल्डरला हे सोयीचं, मजले पटापट चढतात, प्लास्टर वाचतं, फिनिशिंग सरळ येतं, सगळं मान्य. पण दीडशे एमएमच्या काँक्रीटच्या भिंतीतून दोनशे एमएमच्या एएसी ब्लॉकच्या (हवेची बारीक छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) भिंतीच्या साधारण चौपट उष्णता आत येते, इतका फरक आहे दोन्हीत. शिवाय काँक्रीट तापलं की लवकर निवत नाही. दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत भिंत ऊन खाते आणि रात्री अकरा-बाराला बाहेर छान वारा सुटलेला असतो तेव्हा ही बया आत गरमी सोडत बसते, हात लावला तरी कळतं. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ झालं तरी पहाटे पारा विशीच्या आसपास उतरतो, म्हणजे नुसती रात्रीची हवा नीट खेळवली तरी एसी अर्ध्यावर येईल असं हे शहर, आणि आपण त्यातच काँक्रीटचे डबे बांधतोय.

त्यात खिडक्या. स्लायडिंग आहेत, दोन ट्रॅकच्या, म्हणजे खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते अर्धीच, दाराच्या झडपांसारखी उघडणारी असती तर जवळजवळ पूर्ण उघडली असती. आणि छज्जा नाही! एलिव्हेशन (बाहेरचा दर्शनी भाग) ‘क्लीन’ दिसावं म्हणून. सासऱ्यांच्या कोथरूडच्या जुन्या तीन मजली बिल्डिंगला प्रत्येक खिडकीवर दोन-दोन फुटाचा छज्जा आहे, तिला कुठलंही रेटिंग नाही आणि दुपारी तिथे पंख्यावर भागतं (खालचा मजला आहे आणि आजूबाजूला झाडं आहेत हेही त्यात आलं, उगाच जुनं ते सोनं म्हणत नाही). दक्षिणेचं ऊन छज्जाने अडवता येतं, सूर्य उंचावर असतो, मे महिन्याच्या मध्यावर तर पुण्यात भर दुपारी सावली पायाखाली गायब होते इतका तो डोक्यावर येतो. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, त्याला छज्जा एकटा पुरत नाही, बाहेरून उभी झडप, जाळी, लूव्हर (तिरक्या पट्ट्या) असं काहीतरी लागतं. आतल्या पडद्याने काय होतं तर उजेड जातो आणि गरमी आतच राहते, कारण ती काचेतून आधीच घरात आलेली असते. आणि पुण्याचा संध्याकाळचा वारा पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे बंद ठेवावी तर घुसमट आणि उघडावी तर ऊन.

हे कोणाला जमत नाही असंही नाही. हडपसरला सुझलॉनचं वन अर्थ ऑफिस आहे, ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी डिझाइन केलेलं, त्याच्या काचांच्या बाहेर सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमचे लूव्हर आहेत, उजेड आत आणि ऊन बाहेर. बरं ते कॉर्पोरेटचे पैसे म्हणा. पण राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेतलं स्मार्ट घर थ्री आहे, ११७६ फ्लॅट, स्वस्तातली घरं, तिथे पूर्ण उघडणाऱ्या झडपा, काच कमी, आणि वारा खेचायला इमारतीतून उभा शाफ्ट. म्हणजे परवडणाऱ्या घरांना जे झालं ते आमच्या सव्वा कोटीच्या घराला झालं नाही.

मग गोल्ड मिळालं कसं? सरळ आहे, रेटिंग म्हणजे गुणांची बेरीज. किमान अटी पाळल्या की बाकी एका विषयात कमी पडले तर दुसऱ्यात भरून काढता येतात, ईव्ही चार्जिंग, कमी पाण्याचे नळ, कचऱ्याची सोय, सोलर, रंगाच्या डब्यावरचं ‘ग्रीन’ लेबल, सगळ्याला गुण. हे खोटं नाही, पण पश्चिमेच्या बेडरूममध्ये झोपणाऱ्याला चार्जिंग पॉइंटचा काय उपयोग. आणि बिल्डर हे का करतो तर आपल्या प्रेमापोटी नाही, राज्याच्या यूडीसीपीआर नियमांमध्ये (२०२० चे) सिल्व्हर किंवा (गृहा या दुसऱ्या रेटिंगचे) ३ स्टार असेल तर बेसिक एफएसआयवर (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ती मर्यादा) ३ टक्के, गोल्ड किंवा ४ स्टारला ५, प्लॅटिनम किंवा ५ स्टारला ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. माझी हरकत नाही, सरकारने आमिष दाखवायलाच पाहिजे, पण तो फायदा घेऊन परत माझ्याकडून ग्रीन प्रीमियम कशाला?

अजून एक गंमत. ब्रोशरमध्ये ग्रीन म्हणून जी यादी असते त्यातलं निम्मं कायद्यानेच करावं लागतं. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींमध्ये एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), ओला कचरा जागेवर जिरवणं, रेन वॉटर हार्वेस्टिंग हे सगळं येतं. सेल्सवाला ते असं सांगतो जणू त्याने खिशातून केलंय.

आता पाणी. रेन वॉटर हार्वेस्टिंगबद्दल कोणी फार उत्साहात बोललं की मी हा हिशोब मांडतो. आमच्या टॉवरची गच्ची धरा ६०० चौरस मीटर. पुण्यात वर्षाला धरा ७०० मिलिमीटर पाऊस. वीस टक्के वाया गेलं धरलं तर वर्षाचं झालं ३ लाख ३६ हजार लिटर. फ्लॅट ८८, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे साडेसत्तेचाळीस हजार लिटर. म्हणजे अख्ख्या वर्षाचा गच्चीवरचा पाऊस = टॉवरचं सात दिवसाचं पाणी! टॉवर उंच गेला की माणसं वाढतात, गच्ची तेवढीच राहते. जमिनीत जिरवलं तर चांगलंच आहे, पण खाली बेसाल्ट, भेगा जिथे आहेत तिथेच पाणी मुरतं, बोअर कुठे मारलाय यावर सगळं. करायला हवंच, पण त्यामुळे टँकर बंद होईल असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा, मार्च लागला की आमच्या गेटवर टँकरची रांग असते.

खरं पाणी वाचतं ते एसटीपीने. फ्लशला आणि बागेला तेच पाणी, वेगळी पाइपलाइन टाकलेली आहे, आणि ही या प्रोजेक्टमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बिल्डरकडे होतं तोपर्यंत सुरू असायचं नि नसायचं, सोसायटीकडे आल्यावर बघितलं तर त्यातल्या जिवाणूंना हवा देणारे ब्लोअर वीज वाचवायला रात्री बंद ठेवायचे, मग जिवाणू मरणार नाहीत तर काय, फ्लशला पिवळट पाणी आणि वास. आता ऑपरेटर बदलला, ब्लोअर चोवीस तास, महिन्याला लॅब रिपोर्ट नोटीस बोर्डावर, वास गेला. मेंटेनन्स वाढला तेव्हा एजीएममध्ये जी भांडणं झाली ती वेगळी, पण टँकरही कमी झाले. नळांना लावलेले एरेटर (पाण्यात हवा मिसळणाऱ्या जाळ्या) मात्र टँकरच्या जड पाण्याने दर थोड्या दिवसांनी बुजतात, व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करावे लागतात.

सोलर वॉटर हीटर, ठीक. सकाळी सातच्या आत आंघोळ उरकणाऱ्यांसाठी आहे, तेही एकाच बाथरूमला, आणि गच्चीपासून नवव्या मजल्यापर्यंत गरम पाणी येईपर्यंत थंड पाण्याची बादली भरून ठेवायची. विजेचं सोलर बिल्डरने नावाला लावलंय. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला ४ युनिट मिळतात, त्यामुळे इथेही गच्चीचंच गणित आडवं येतं, लिफ्ट आणि पंपांचा काही भार निघेल, घरातला एसी नाही. केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेत (गच्चीवरच्या सोलरसाठीची) सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे, कमिटीने कोटेशन मागवलीत.

पोडियमवरचं लॉन हा शुद्ध देखावा. खाली पार्किंग, वर जेमतेम माती, त्यात मोठं झाड वाढणार कसं, म्हणून पाम आणि गवत, उन्हाळ्यात दुपारी लहान मुलांना तिथे सोडवत नाही इतकी फरशी तापते.

घ्यायचाच असेल तर सांगतो. एक, सँपल फ्लॅट बघू नका, तिथे एसी १८ वर असतो, तुमच्याच विंगमधला तयार फ्लॅट एप्रिल-मे मध्ये दुपारी चारनंतर बघा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. सर्टिफिकेट प्री-सर्टिफिकेशन आहे की फायनल ते विचारा, बांधकामाआधीचं ड्रॉइंगवर मिळतं आणि जाहिरात त्याचीच असते. इको निवास संहिता २०१८ (घरांच्या ऊर्जा बचतीची केंद्राची नियमावली) मध्ये बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा आहे, आरईटीव्ही, चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवा, तो लेखी मागा. सेल्सवाल्याला माहीत नसणार, आर्किटेक्टला असतो. एसटीपी चालू स्थितीत बघा, खाली जाऊन, नाक उघडं ठेवून. आणि पुणे मनपाच्या हद्दीत असाल तर सोलर, पाऊस पाणी, गांडूळ खत यासाठी प्रॉपर्टी टॅक्समध्ये ५ ते १० टक्के सवलत आहे, पण प्रकल्प चालू असला पाहिजे.

माझे मार्क: पाणी ४, कचरा साडेतीन, वीज अडीच, उकाडा दीड, सगळे पाचपैकी. आमच्याच विंगमध्ये पूर्वेचे दोन टूबीएचके रिसेलला आहेत, ते जरूर बघा. पश्चिमेचा कोणी लाख-दोन लाख कमी करून देत असेल तर बाहेरून बांबूच्या चिका (पट्ट्यांचे पडदे) लावायला सोसायटी परवानगी देते का ते आधी विचारा, आमच्या कमिटीने एलिव्हेशन बिघडतं म्हणून दोनदा नाही म्हटलंय, तिसरा अर्ज मी परवाच टाकलाय.