बोटीची मिशी आणि तीन डॉलरची पावडर

आमच्या बोटीला मिशी फुटली होती. चेष्टा नाही, इथले बोटवाले खरंच तसं म्हणतात. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या सेंट जॉन्स नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि कारणही चहाचंच. दलदलीतल्या झाडांचा पालापाचोळा कुजून त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं. बोट पळू लागली की नाकाडापाशी पाणी दोन्ही अंगांना फुटतं, आणि चार-सहा आठवड्यांत तिथे पिवळट-तपकिरी झुपकेदार मिशी बसते. भांड्याचा साबण, कारचा शाम्पू, ब्रश, सगळं करून झालं. मिशीचा एक केस हलला नाही.

बोट नवऱ्याची हौस, घासणं माझ्याकडे. १९ फुटी, २००६ सालची, सेकंडहँड घेतलेली. खालून पांढरी, वरच्या बाजू निळ्या. ट्रेलर ॲल्युमिनियमचा, कारण नदीच्या मुखाकडे पाणी खारं होतं आणि साधं लोखंड तिथे टिकत नाही.

आधी दुकानातली खास बोटींसाठीची बाटली आणली. नाव लिहीत नाही, चूक अर्धी माझी आहे. मिशी गेली, अगदी बघता बघता गेली, पण ओघळ खाली ट्रेलरवर उतरले. नळी हातात घेईपर्यंत आडव्या बीमवर पांढुरके चट्टे, कोणी लिंबू पिळून विसरून गेल्यासारखे. मग चष्मा लावून बाटलीची मागची बाजू वाचली. आत हायड्रोक्लोरिक ॲसिड. ॲल्युमिनियम आणि जस्त चढवलेल्या लोखंडावर वापरू नये, असं मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. पुढच्या चित्रातली बोट ट्रेलरवर नव्हती, पाण्यात होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. बार कीपर्स फ्रेंड. स्वयंपाकघरातली, स्टीलची भांडी घासायची पावडर, डबा तीन-साडेतीन डॉलरचा. १८८२ पासून आहे, इंडियानापोलिसची. हॉफमन नावाच्या रसायनतज्ज्ञानं रूबार्ब नावाच्या आंबट भाजीचे देठ शिजवले आणि पातेलं लख्ख झालेलं पाहिलं, अशी तिची जन्मकथा सांगतात. रूबार्बात असतं ऑक्झॅलिक ॲसिड, आणि पावडरीतही तेच. आपल्या अळूत त्याचंच कॅल्शियमबरोबरचं भावंड असतं, घसा खवखवतो तो त्याच्या सुयांनी. गंजाचे आणि टॅनिनचे डाग हा ऑक्झॅलिकचा हातखंडा. गंजातल्या लोखंडाला धरून ते पाण्यात विरघळवतं, घासून काढावं लागत नाही.

सकाळी आठच्या आत, बोट सावलीत आणि अंग गार असताना, पावडर पाण्यात कालवून पिठल्याइतकी सैल केली आणि मऊ स्पंजानं लावली. खालून वर लावायची, वरून खाली नाही, नाहीतर कोरड्या भागावर ओघळ उमटतात. पाच मिनिटं. वाळू द्यायची नाही. मधे स्पंज उचलून पाहिला तर तपकिरी रंग फिकट लिंबोणी झाला होता, दुसऱ्यांदा लावल्यावर नाहीसा. नांगराच्या कडीखालचे गंजाचे ओघळही गेले, ते तर मी बोटीचेच मानून चालले होते. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच. आणि गाद्यांच्या बुरशीसाठी ब्लीच काढलं असेल तर ते दुसऱ्या दिवशी. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

तक्रारी दोन. पावडरीत बारीक खरखरीत कण असतात, म्हणून जोर लावायचा नाही, चकाकी मरते. आणि जुनं वॅक्स धुऊन निघतं, ते परत लावावं लागतं.

पण हिच्याकडून निळ्या बाजूंची अपेक्षा करू नका. मी केली आणि अख्खा डबा घालवला. बाजूंवर तळहात फिरवला की हातावर खडूची भुकटी यायची, फळा पुसल्यासारखी. हा डाग नव्हे. वरचा जेलकोटच, म्हणजे बोटीचा बाहेरचा रंगीत थरच, उन्हानं मरून पिठाळलेला असतो. डाग वर बसतो, तो धुता येतो. मेलेला थर खरवडूनच काढावा लागतो. किती मेलाय ते नोंदणी क्रमांकातला सुटत आलेला ८ सोलला तेव्हा कळलं. आकड्याच्या खाली नव्या शाईसारखा निळा, आणि त्याच्या भोवती धुऊन धुऊन विटलेल्या जीन्सचा. त्या निळ्या ८ साठी पुढचे दोन शनिवार-रविवार गेले. रबिंग कंपाउंड, सहा इंची पॉलिशर, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, मग पॉलिश, मग वॅक्स. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कुंपणाच्या फळ्या बोटीत मोजता येत होत्या. आता तो ८ शोधावा लागतो.

ट्रेलरचे चट्टे घालवायला एका दुकानदारानं ट्रक धुणारे वापरतात ते ब्राइटनर पुढे केलं. या वेळी आधी मागची बाजू वाचली: हायड्रोफ्लोरिक ॲसिड. हे कातडीला लागलं तर सुरुवातीला कळतही नाही, आणि आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावावं लागतं आणि थेट दवाखाना गाठावा लागतो. ट्रेलर चमकावा म्हणून? बाटली फळीवर परत ठेवली. ॲल्युमिनियमवरचा तो मळकट राखाडी थरच त्याचं चिलखत आहे, घासला तरी पुन्हा धरतो. लक्ष द्यायचं ते स्टीलच्या बोल्टांभोवती फुलणाऱ्या पांढऱ्या भुकटीकडे. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम तिथून पोखरलं जातं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं सढळ हातानं धुणं, एवढंच मी आता करते. चट्टे आहेत तसे आहेत.

या सगळ्यात आई अलिबागहून आलेली होती. व्हरांड्यात खुर्ची टाकून बघायची. "अगं, एवढ्यात घरातली सगळी भांडी घासून झाली असती." मग बॅगेतून पितांबरी काढली. मी म्हटलं, आई, इथे तांबं-पितळ काही नाही. ती बोटीभोवती एक चक्कर मारून आली आणि मागच्या बाजूचा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, काढून घेऊन गेली. पितळी, काळा-हिरवा पडलेला. दहा मिनिटांत सोन्यासारखा करून आणला.

पावडरीला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो खरखरीत कणांसाठी.

पुढच्या शनिवारी चाळीस मिनिटं गाडी चालवून बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर पोचलो, बोट मागे घेतली आणि नवरा पाण्यात सोडायच्या आधी वाकून बघतो तर मागे भोक उघडं. आईला फोन लावला. प्लग देवघरात होता, समईशेजारी. "इतका छान झालाय," आई म्हणाली, "मला वाटलं तुमचं काम झालं त्याचं."